वरचा अर्धा

८ जुलै

मामा,

नमस्कार नंतर करते, आधी बातमी ऐक. मला प्रवेश मिळाला! कला प्रशासन, पदव्युत्तर, दोन वर्षं, संध्याकाळी सहा ते नऊ. दिवसभर ऑफिसात लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन घ्यायचे, "घाबरू नका, माणूस निघालाय" म्हणायचं, आणि साडेपाच वाजले की पर्स उचलून कॉलेजकडे पळत सुटायचं. तेही अडतिसाव्या वर्षी. हसू नकोस.

आमचा वर्ग म्हणजे दिवसा जिथे रसायनशास्त्र शिकवतात ती खोली. फळ्यावर कुणाची तरी अर्धवट पुसलेली समीकरणं असतात आणि मागच्या बेसिनचा नळ सारखा गळत असतो. आम्ही चौदा जण. एक ग्रंथपाल, एक नृत्य शिकवणारी, आणि एक बँकवाला, तो दहा मिनिटांत झोपतो आणि हजेरीला बरोब्बर जागा होतो. आमच्या बाई कडक आहेत. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला उभं करून विचारलं, "तुम्ही इथे का आलात?" सगळे कलेची सेवा न् काय न् काय बोलले. मी म्हटलं, "माझा मामा एका नाट्यगृहात डोअरकीपर आहे. मी त्याच्या दाराशी स्टुलावर बसून मोठी झाले. मला ते नाट्यगृह चालवायचंय." कुणी हसलं नाही.

आई गेल्यावर मी गाणं सोडलं, तेव्हा तुला म्हटलं होतं ना की आता आयुष्यात पुन्हा काही हाती घेणार नाही? हे घेतलंय. दोन वर्षांनी पदवी घेऊन येते, विश्वस्तांपुढे उभी राहते आणि व्यवस्थापकाची जागा मागते. ती रिकामीच आहे असं तूच म्हणाला होतास. मग तुला माझ्या हाताखाली काम करायचंय, लक्षात ठेव.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिही, आणि लगेच लिही. आज प्रयोग कुठला होता, किती माणसं आली, सगळं.

तुझी टिंगी


१९ जुलै

टिंगे,

आशीर्वाद घे, पुष्कळ आहेत, एका पाकिटात मावत नाहीत. उत्तराला उशीर झाला. थेटरात जरा आवराआवर चालली होती.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग थेटरासमोरच्या आपल्या शिंप्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कलेचं प्रशासन म्हणजे काय करणार ही? नटांना रांगेत उभं करणार? रांगेत उभे राहणारे असते तर ते नट कशाला झाले असते!" पण नंतर त्याने डोळे पुसले. म्हणे सुईचा दोरा डोळ्यात गेला. दोरा कधी डोळ्यात जातो का गं?

मॅनेजरीणबाई, तुमच्या हाताखाली काम करायला मी एका पायावर तयार आहे. फक्त एक अट. तिसरी घंटा झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, मग ती मॅनेजर का असेना.

प्रयोग चालू आहेत, झकास. शनिवारी २८७½. लोकांना जागेवर बसवताना माझ्या नाकी नऊ आले.

इकडे यायची घाई करू नकोस. हॉलला रंग लागतोय, वास सहन होणार नाही तुला. आधी अभ्यास. हातातलं सोडायचं नाही, एवढंच सांगतो. बाकी इकडचं मी बघतो.

मामा


११ सप्टेंबर

मामा,

दुसरं वर्ष लागलं! पाय दुखतात, डोकं दुखतं, शनिवार-रविवार कुठे जातात कळत नाही, पण मी टिकून आहे. चौदातले आम्ही नऊ उरलो. बँकवाला अजून आहे. झोपेतच पास झाला बहुतेक.

परवा वर्गात तुझं नाव निघालं. म्हणजे मीच काढलं. बाई म्हणाल्या, प्रेक्षक का येतो हे विचारण्याआधी तो किती येतो हे मोजायला शिका. मी हात वर केला आणि सांगितलं, आमच्याकडे मामा तिकीट फाडतो, अर्धं प्रेक्षकाला देतो, अर्धं तारेत ओवतो. तिसरी घंटा झाली की तारेतल्या अर्ध्या चिठोऱ्या मोजतो. मग दाराच्या पडद्याआडून हॉलमधली डोकी मोजतो. दोन्ही जुळल्याशिवाय वहीत आकडा लिहीत नाही. जुळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून, भले पहिला अंक संपो. बाई नऊच्या नऊ जणांना म्हणाल्या, "लिहून घ्या. व्यवस्थापन याच्यापासून सुरू होतं." माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

तर, माझ्या शेवटच्या प्रकल्पाचा विषय मंजूर झालाय. आपलं नाट्यगृह. लहान गावात, जुन्या इमारतीत, आजही प्रेक्षक का टिकून आहे? हा प्रकल्प म्हणजे अर्धी पदवी. तो पडला तर सगळंच पडलं. मला तुझ्याकडून एवढंच हवंय: तीन महिन्यांतल्या प्रत्येक प्रयोगाची तारीख, वार आणि मोजणी. वहीतून उतरवून पाठव.

आणि मी येणार कधी? आधी हॉलला रंग होता, मग सुट्टीत यायचं ठरवलं तर तू शिंप्याच्या मुलीकडे गेलेला. मला टाळतोयस की काय?

तुझी टिंगी


५ ऑक्टोबर

टिंगे,

तुला टाळून मी जाणार कुठे? उगाच काहीतरी मनात आणतेस.

सोबत सहा कागद आहेत. प्रत्येक प्रयोग लिहिलाय. बुधवारी माणूस कमी, १९७½, २०४½. शनिवारी तीनशेच्या वर. रविवार संध्याकाळ ३९८½, म्हणजे चारशे वीस खुर्च्यांत जेमतेम बावीस रिकाम्या. एकेक आकडा दोनदा मोजलाय. तारेवरच्या अर्ध्या काढून, टेबलावर दहा-दहाच्या चळती लावून. त्यात काही खोट निघाली तर माझं नाव बदल.

एका शनिवारची गंमत सांगतो. दुसऱ्या अंकात खलनायकाची मिशी सुटली. अर्धी ओठावर, अर्धी लोंबतेय. त्याने ती उपटली आणि नायिकेच्या हातात दिली न् म्हणाला, "घे, आता तूच ठेव माझी अब्रू." हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मला नीट ऐकू येत नसूनही जमीन हादरलेली पायाला कळली.

लिही तुझा प्रकल्प. चांगला लिही. विश्वस्तांना दाखवता येईल असा.

मामा


२० नोव्हेंबर

मामा,

कागद पोचले, सोन्यासारखे आहेत. पुरे एक्काहत्तर टक्के! बाई म्हणाल्या, अशी भरलेली नाट्यगृहं आता कुठे राहिलीत? त्यांना वाटतंय माझा प्रकल्प बाहेर छापून यावा. मिशीची गोष्ट वर्गात सांगितली, बँकवालासुद्धा जागा झाला. गंमत म्हणजे माझ्या लहानपणीही एकाची मिशी अशीच पडली होती ना? मी स्टुलावरून हसत खाली पडले होते. तुमच्याकडचा डिंक अजून तोच दिसतोय.

एक अडचण आली होती, ती मी निस्तरली. तुझ्या प्रत्येक आकड्यावर तो वरचा अर्धा कसला रे? मला आधी वाटलं लहान मुलांचं अर्धं तिकीट. पण मुलं काय प्रत्येक प्रयोगाला एक आणि एकच येणार? बाईंनी विचारलं, "हे अर्धं माणूस कोण?" शेवटी त्यांच्या सांगण्यावरून मी सगळे अर्धे खोडले. खाली तळटीप टाकली: "मूळ वहीतील अर्धे आकडे हा नोंद ठेवणाऱ्याचा लेखनदोष समजून वगळले आहेत." तुला राग नाही ना आला? तुझ्या इतक्या वर्षांच्या शिस्तीत ही एकच खोड निघाली, म्हणजे काहीच नाही.

ऐंशी पानं झालीत. मे महिन्यात तोंडी परीक्षा.

तुझी टिंगी


१ डिसेंबर

टिंगे,

खोडलेस ते बरं केलंस. नोंद ठेवणाऱ्याचीच चूक आहे, बाईंचं बरोबर. राग कसला त्यात.

थंडी पडली असेल, संध्याकाळी वर्गाला जाताना कानाला काहीतरी बांध. तुझे कान लहानपणापासून हळवे आहेत.

मामा


१७ मे

मामांस,

काल माझी तोंडी परीक्षा झाली. तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते.

तीन परीक्षक होते. मी वीस मिनिटं बोलले, न अडखळता. बाई मागे बसून मान हलवत होत्या. मग मधले परीक्षक, ते स्वतः एक नाटक मंडळी चालवतात, शांतपणे म्हणाले, "आपण हे नाट्यगृह शेवटचं कधी पाहिलंत?" मी म्हटलं, दोन वर्षं झाली असतील. ते म्हणाले, "गेल्या वर्षी आमच्या प्रयोगासाठी मी ते मागितलं होतं. दोन वर्षं होत आली, त्याला कुलूप आहे. तुमच्या ऐंशी पानांतला हा एक्काहत्तर टक्के प्रेक्षक कुठल्या दारातून आत जातो?"

नळ गळत होता, तेवढाच आवाज. मी म्हटलं, माझ्या मामांनी आकडे पाठवलेत. तेव्हा दुसऱ्या परीक्षक हसल्या. मामांनी! एखाद्या पोरीने गृहपाठ आईने केला म्हणून सांगावं तसं वाटलं मला. प्रकल्प नामंजूर. कागदावर लिहिलंय, "आकडेवारी बनावट." मी बनावट करणारी ठरले. दिवसभर अडकलेल्या माणसांशी बोलून, संध्याकाळी पळत जाऊन, दोन वर्षं.

मी वर्गात तुमचं नाव घेतलं होतं. व्यवस्थापन याच्यापासून सुरू होतं, असं बाईंनी सगळ्यांना लिहून घ्यायला लावलं होतं. ते त्यांच्या वह्यांत अजून असेल.

तुम्ही मला का तोंडघशी पाडलंत? तुमच्याशिवाय मला कोण होतं, की मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.


२९ मे

टिंगे,

"तुम्ही" वाचलं आणि पाकीट उलटून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं पत्र माझ्याकडे आलं की काय. मग अक्षर तुझंच दिसलं.

सगळं सांगतो. तुझं पहिलं पत्र आलं, प्रवेशाचं, त्याच्या आदल्या सोमवारी थेटर बंद झालं होतं. विश्वस्तांनी आम्हा चौघा नोकरांना बोलावलं, म्हणाले छत धोक्याचं आहे, प्रेक्षक येत नाही. मला म्हणाले, तुम्ही चावी सांभाळा पुढचं ठरेपर्यंत. मी खुर्च्यांवर चादरी घालत होतो तेव्हा पोस्टमन आला. "मला ते नाट्यगृह चालवायचंय," असं लिहिलेलंस तू. आता त्या क्षणी मी काय करायचं होतं? तुझी आई गेल्यावर तू तंबोऱ्याला गवसणी घातलीस ती पुन्हा काढली नाहीस. वर्षानुवर्षं तुझ्या पत्रात लिफ्टशिवाय काही नसायचं. आणि आता तू काहीतरी हाती घेतलं होतंस. मी लिहिलं असतं की बंद झालं, तर तू दुसऱ्या दिवशी वर्ग सोडला असतास. ओळखतो मी तुला. मला वाटलं, दोन वर्षांत ही शिकून येईल, तोवर विश्वस्तांचंही काहीतरी ठरेल, दार उघडेल, आणि मग खोटं आपोआप खरं होईल. म्हाताऱ्या माणसाची अक्कल, दुसरं काय.

आता आकड्यांचं. तू म्हणतेस बनावट. एवढं मात्र मी मान्य करणार नाही. आकडे खोटे नाहीत गं. साल खोटं आहे.

जिन्याखालच्या कपाटात एका वर्षाच्या तारा आहेत. बाकी सगळ्या वर्षांच्या रद्दीत गेल्या, हे एक वर्ष मी ठेवलं, कारण त्या वर्षीच्या अर्ध्या तू ओवल्या आहेस. नऊ वर्षांची होतीस. तुझी आई रुग्णालयात संध्याकाळच्या पाळीला, म्हणून तू माझ्याकडे. दाराशी स्टूल, मांडीवर तार, बोटाला सतरांदा टोचून घ्यायचीस. तू आकडे मागितलेस तेव्हा मी त्याच तारा काढल्या. रोज दुपारी रिकाम्या बुकिंगच्या खिडकीत बसून एकेक अर्धी मोजली. दोनदा मोजली, ते खरंच आहे. मिशीही त्याच वर्षी पडली. तुला आठवलं तेव्हा मला वाटलं आता पकडला जातो. पण तू डिंकाला नावं ठेवून पुढे गेलीस.

आणि तो वरचा अर्धा. तुला कुठे धरायचं हा मला पहिल्या दिवशीच पेच पडला. तिकीट नाही, म्हणून एक धरता येईना. आत माणूस असून सोडून द्यायचं, तर मोजणी खोटी. म्हणून अर्धा. तीनशे बारा तिकीटवाले आणि दाराशी एक अर्धी. वर्षभर वहीत अशीच नोंद आहे. तो लेखनदोष नव्हता, टिंगे. ती तू होतीस.

चुकलो. तुझं नुकसान केलं, ते कशाने भरून येणार मला माहीत नाही. तुझ्या बाईंना मी पत्र लिहू का, की यात तुझा दोष नाही?

मामा


१२ जून

मामांस,

पत्र मिळालं. बाईंना तुम्ही लिहायची गरज नाही, मी तुमचं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. त्यांनी शब्द टाकला म्हणून मला फेरपरीक्षा मिळाली आहे, ९ ऑगस्टला, सकाळी अकरा वाजता, त्याच रसायनशास्त्राच्या खोलीत. ही शेवटची संधी. यात पडले तर दोन वर्षं पाण्यात.

विषय तोच ठेवला आहे, प्रश्न उलटा केला आहे: हे नाट्यगृह बंद कसं पडलं? आता मला खरं हवंय, आणि फक्त खरं. शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक प्रयोगाची मोजणी, खऱ्या सालाची. शेवटच्या प्रयोगाला किती माणसं होती? बंद करताना तुम्हाला काय सांगितलं गेलं? इमारतीचं पुढे काय होणार?

तुमच्यावर रागावून राहावं असं वाटतं आणि राहता येत नाही, म्हणून जास्त राग येतो. तुम्ही मनात आणाल म्हणून आधीच सांगते, परीक्षेला येऊ नका. तुम्ही समोर दिसलात तर मला बोलता येणार नाही.


२० जून

टिंगे,

विचारलंस तसंच सांगतो, इकडचं तिकडचं नाही.

शेवटच्या वर्षी एकोणीस प्रयोग झाले. तुझ्या त्या वर्षी एकशे चौऱ्याऐंशी. वही मूळचीच पाठवतो आहे, तूच उतरवून घे, माझ्या उतरवण्यावर आता तुझा विश्वास बसू नये. सोबत तुझ्या वर्षाची वही आणि एक तारही पुडक्यात घातली आहे, परीक्षकांना हात लावून बघता येईल. मिशीवाल्या शनिवारची आहे.

शेवटच्या प्रयोगाला अकरा माणसं होती. अकरा, वर अर्धा नाही. नटच नऊ होते. मध्यंतरात त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "मामा, एक प्रेक्षक वर आमच्यात पाठवा, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा होतील." असा हिशेब मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्या रात्री तिसरी घंटा मी दोन मिनिटं उशिरा दिली होती. कधी देत नाही. वाटलं, रस्त्यात कुणी असेल, पळत येत असेल.

बंद करताना कुणी वाईट बोललं नाही. चहा दिला. उलट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

इमारत पाडणार आहेत. चावी मागितली आहे, तीही नेमकी ९ ऑगस्टला, संध्याकाळी पाचच्या आत. खुर्च्या आधीच नेल्या. हॉल एवढा मोठा होता हे मला खुर्च्या गेल्यावर कळलं.

नाही येत परीक्षेला. नीट बोल. हातवारे कर, तू हातवारे करून बोललीस की छान बोलतेस.

मामा


९ ऑगस्ट

मामा,

पास झाले! आत्ताच, तासापूर्वी. कॉलेजसमोरच्या बाकावर बसून लिहिते आहे, घरी जाईपर्यंत दम निघत नाही.

आणि ऐक, मी "तू" म्हणते आहे. तू आहेस ना तिथे? मला माफ कर रे. जवळजवळ तीन महिने मी तुला परक्या माणसासारखं लिहिलं, आणि प्रत्येक "तुम्ही" लिहिताना माझाच हात दुखला.

परीक्षकांपुढे मी दोन्ही वह्या ठेवल्या, एकशे चौऱ्याऐंशी प्रयोगांची आणि एकोणिसांची. मध्ये ती तार ठेवली. सगळे अर्धे परत घातलेत, एकूण एक. तळटीप बदलली. आता तिथे लिहिलंय: "अर्धा: दाराशी स्टुलावर बसलेली नऊ वर्षांची मुलगी. नोंद अचूक आहे." मधल्या परीक्षकांनी, त्याच, ती तळटीप मोठ्याने वाचली. मग तार हातात घेतली, एक अर्धी बोटाने सरकवली आणि म्हणाले, "माझे प्रश्न संपले." बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मी बाहेर आले आणि कधी नव्हे ती रडले. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं, दाराजवळ एक रिकामं स्टूल तेवढं होतं. इतका राग आला स्वतःचा! कशाला येऊ नका म्हणाले मी? आज बाहेर तू असतास तर काय बिघडलं असतं माझं?

आता साडेबारा झालेत. अजून साडेचार तास आपलं नाट्यगृह आपलं आहे. मग मी हा कागद घेऊन कुठे जाऊ, मामा? शिकले ते एका जागेसाठी, आणि त्या जागेचीच चिरफाड करून पास झाले. मला आनंद होतोय आणि तो कुठे ठेवायचा कळत नाहीये.

माझ्याकडे ये. दोन खोल्या आहेत, एक तुझी. हो-नाही करत बसू नकोस.

तुझीच टिंगी


१० ऑगस्ट

टिंगे,

आधी एक कबुली देतो, म्हणजे पुन्हा खोटं पडायला नको. मी काल आलो होतो.

पहाटेची बस धरली. तुझं कॉलेज सापडायला वेळ लागला, रस्त्याच्या गोंगाटात लोक काय सांगतात ते मला ऐकू येत नाही. शिपायाने मला तुझ्या खोलीपर्यंत आणलं आणि बसायला स्टूल दिलं. मी म्हटलं, बरं झालं, खुर्ची दिली असती तर अवघडलो असतो. दाराला वरच्या बाजूला काच आहे, स्टुलावरून मान उंचावली की आतलं दिसत होतं. तू काय बोललीस ते एक अक्षर कळलं नाही. पण हात दिसत होते तुझे. डावा हात तार धरून आणि उजवा हवेत. तुझी आई असंच बोलायची.

पास झालीस की नाही ते अजून कळलं नाही, तुझं पत्र यायचंय. थांबून विचारायचं होतं. पण तू येऊ नका म्हणाली होतीस, आणि तू बाहेर येऊन मला बघितलंस आणि तोंड फिरवलंस तर, असं मनात आलं. शिवाय पाचच्या आत चावी द्यायची होती. ते परीक्षक तार हातात घेऊन बघत होते, तेव्हा मी उठलो. बस पावणेबाराला होती.

चावी दिली. घेणाऱ्याने ती न बघता खिशात टाकली. मी म्हटलं, डावीकडे थोडी दाबून फिरवावी लागते. तो म्हणाला, आता कशाला फिरवायची? ते खरंच आहे. सध्या शिंप्याच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे माझी ट्रंक ठेवली आहे. तू काळजी करू नकोस.

वही तुझ्याकडे आहे, माझ्याकडे लिहायला जागा नाही. म्हणून तूच ही शेवटची नोंद घाल, तुझ्या अक्षरात. मी दोनदा मोजून आलो आहे.

९ ऑगस्ट, सकाळी अकराचा प्रयोग. आत परीक्षक तीन, तुझ्या बाई एक, तू एक. पाच. बाहेर दाराशी, स्टुलावर, बिनतिकिटाचा अर्धा.

साडेपाच. हा अर्धा खोडू नकोस.

मामा